आकाशातून आलेला परका : अल्पखर्ची विज्ञान-भयपटांतील आक्रमक आणि आपला प्रेक्षक

मराठी चित्रपटसमीक्षेने ज्या चित्रप्रकारांकडे पाठ फिरविली, त्यांत परग्रहावरून आलेल्या आक्रमकांच्या अल्पखर्ची भयपटांचा क्रम बराच वरचा लागेल. रबरी कातड्यात घाम गाळणारा नट, दोरीला टांगलेली उडती तबकडी, पुठ्ठ्याच्या भिंतीवर लुकलुकणारे दिवे यांचा उल्लेख करून समीक्षक हसतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. हे हसू अनाठायी आहे असे नाही. यांतील पुष्कळ चित्रपट खरोखरच वाईट आहेत. तथापि वाईट कलाकृतीही आपल्या काळाची भीती कधीकधी चांगल्या कलाकृतीपेक्षा अधिक उघडेपणाने बोलून दाखवते, कारण ती लपविण्याइतके कौशल्य तिच्यापाशी नसते. प्रस्तुत लेखात या चित्रप्रकाराचा इतिहास सांगण्याचा हेतू नाही. तो आपल्याकडे कोणत्या रूपात आला, आपल्या प्रेक्षकाने त्याचे काय केले, आणि ज्या भीतीवर तो उभा होता ती भीती आज कोठे राहावयास गेली आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

स्वस्तपणाचे शास्त्र

या प्रकाराचे माहेर १९५० च्या दशकातील अमेरिका होय. महायुद्ध संपले होते, अणुबॉम्बचे सावट होते आणि साम्यवादाची धास्ती घरोघर पोचली होती. मोठ्या निर्मितिसंस्थांनी १९५१ चा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' किंवा १९५३ चा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' यांसारखे चित्रपट काढले. त्यांच्या पाठोपाठ लहान निर्मात्यांनी तोच माल थोड्या भांडवलात विकावयास काढला. फिल टकर यांचा 'रोबोट मॉन्स्टर' (१९५३) सुमारे १६,००० डॉलरमध्ये आणि अवघ्या चार दिवसांत चित्रित झाला. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून ज्याच्यापाशी स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता असा नट घेतला गेला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे टोपडे चढविले गेले. पृथ्वीवरील आठ माणसे सोडून सर्वांचा संहार करणारा आक्रमक तो हाच. रॉजर कॉर्मन यांच्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) मधील शुक्रवासी प्राण्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. शुक्रावरील प्राणी जमिनीलगत, बुटका असणार असा शास्त्रीय वाटणारा विचार करून तो घडविला गेला. नायिकेचे काम करणाऱ्या बेव्हर्ली गार्लंड यांनी त्याच्यासमोर उभे राहून त्याची अशी टर उडविली, की त्याची उंची घाईघाईने वाढवावी लागली. सांगण्यासारखी गोष्ट ही, की शास्त्रीयदृष्ट्या निर्मात्याचे बहुधा बरोबर होते आणि नाट्यदृष्ट्या नटीचे. राक्षसाला नटीपेक्षा उंच असावेच लागते.

सुझन सोन्टॅग यांनी १९६५ मध्ये या चित्रपटांवर जो निबंध लिहिला, तो आजही या विषयाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हे चित्रपट विज्ञानाविषयी नसून विनाशाविषयी आहेत. शहरे कोसळताना पाहण्याचे सुख ते देतात आणि ज्या भीतीला खरोखर उत्तर नाही तिला एक सोपे, खोटे उत्तर पुरवितात. हे विवेचन मला बहुतांशी मान्य आहे. मात्र ते मोठ्या चित्रपटांना जेवढे लागू पडते तेवढे स्वस्त चित्रपटांना पडत नाही. विनाश दाखविण्यासाठी पैसा लागतो. 'रोबोट मॉन्स्टर'मध्ये न्यूयॉर्क कोसळताना कोण दाखविणार? तेथे एक गुहा आहे, काही माणसे आहेत आणि एक गोरिला आहे. दृश्यसुखाचा मार्ग बंद झाल्यावर उरते ती केवळ परक्याशी समोरासमोर गाठ. त्या गोरिलाला मारण्याचा हुकूम आहे, पण एका मुलीपुढे त्याला तो बजावता येत नाही. हा प्रसंग हास्यास्पद रीतीने लिहिलेला आहे हे खरे, परंतु त्यातील पेच हास्यास्पद नाही.

सर्वांत कमी खर्चाची युक्ती मात्र डॉन सीगल यांच्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) या चित्रपटाने शोधली. येथे राक्षसच नाही. कॅलिफोर्नियातील एका लहान गावात एक बाई डॉक्टरांना सांगते, की माझे काका माझे काका राहिलेले नाहीत. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणीही त्याच, तरी ते कोणी दुसरेच आहेत. मोठाल्या शेंगांमधून माणसांच्या प्रतिकृती वाढतात आणि झोपेत मूळ माणसाची जागा घेतात. हा चित्रपट साम्यवादाविरुद्ध आहे की साम्यवाद्यांच्या शोधाने पछाडलेल्या अमेरिकेविरुद्ध, यावर समीक्षकांत अद्याप एकमत नाही. माझ्या मते ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. शेजाऱ्याविषयीचा संशय दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडतो.

चंद्रावर चढाई

आपल्याकडील चित्र निराळे आहे. ए. कासिलिंगम यांच्या 'कलै अरसि' (१९६३) या तमिळ चित्रपटात परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते संहारासाठी नव्हे; त्यांच्या लोकी संगीत नाही म्हणून एका गायिकेला पळवून नेण्यासाठी. त्या भूमिकेत भानुमती होत्या आणि त्यांना सोडविणारे होते एम. जी. रामचंद्रन. आक्रमणाचा हेतू कलाशिक्षण असावा, ही कल्पना हॉलिवूडला सुचणे शक्य नव्हते. १९६७ मध्ये हिंदीत दोन चित्रपट आले. एन. ए. अन्सारी यांच्या 'वहाँ के लोग' मध्ये प्रदीपकुमार आणि तनुजा होते. त्यातील 'मंगळवासी' श्रीमंतांचे हिरे लुटतात आणि शेवटी या सगळ्याचे मूळ मंगळावर नव्हे तर पृथ्वीवरच सापडते. दुसरा चित्रपट टी. पी. सुंदरम यांचा 'चाँद पर चढ़ाई'. त्यात दारासिंग हे कॅप्टन आनंद नावाचे अंतराळवीर आहेत. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधी ते तेथे पोचतात आणि तेथील राक्षसांशी व परग्रहावरील योद्ध्यांशी झुंजतात.

या दुसऱ्या चित्रपटाकडे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे असे वाटते. हिंदीत 'चढ़ाई' या शब्दाला चढण असाही अर्थ आहे. मराठी कानाला मात्र प्रथम ऐकू येते ते आक्रमण. त्या अर्थाने हे शीर्षक सबंध चित्रप्रकार उलटा करते. अमेरिकन चित्रपटात ते येथे येतात, आपल्या चित्रपटात आपण तेथे जातो. अंतराळात जाणारा आपला माणूस शास्त्रज्ञ नाही किंवा सैनिकही नाही, तो पहिलवान आहे. वीस वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या, अवकाशसंशोधनाचा नुकताच आरंभ केलेल्या देशाने चंद्रावर पाठविण्यासाठी दारासिंगांची निवड करावी, यात भाबडेपणा आहेच. पण त्यात एक प्रकारचा आत्मविश्वासही आहे. विज्ञानात आपण मागे असू, अंगबळात नाही.

राक्षसाशी होणारी लढत ही येथे सरळसरळ कुस्ती आहे. 'फौलाद' (१९६३) पासून दारासिंगांच्या चित्रपटांचा जो प्रेक्षक तयार झाला, तो त्यांना कुस्तीच्या फडातही पाहत होता. पश्चिम महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हे अधिकच ओळखीचे वाटले असणार, कारण येथे गावोगाव तालीम आहे आणि जत्रेचा शेवट कुस्त्यांच्या फडानेच होतो. फडात उतरलेला गडी कितीही अवाढव्य असो, तो एकदा फडात उतरला की त्याला फडाचे नियम लागू होतात. त्याची पकड पाहिली जाते, पवित्रा पाहिला जातो, आणि तो चितपट झाला की त्याच्याही पाठीवर थाप पडते. चंद्रावरचा राक्षस असा फडात आला की त्याची भीती नाहीशी होते आणि तो केवळ एक बाहेरगावचा मल्ल उरतो. समीक्षक याला भयनिर्मितीतील अपयश म्हणेल. मला ते परक्याला वागविण्याचे एक देशी शहाणपण वाटते. हे मत कोणाला अतिरंजित वाटल्यास माझी तक्रार नाही.

याच वर्षी सत्यजित राय हे 'द एलियन' या कधीही न निघालेल्या चित्रपटाची संहिता लिहीत होते. १९६२ मध्ये 'संदेश' मासिकात आलेल्या 'बंकुबाबूर बंधू' या त्यांच्या कथेतला परग्रहवासी सौम्य, मित्रासारखा होता. संहितेतील यान बंगालमधल्या एका खेड्यातील तळ्यात उतरते आणि गावकरी त्याला पाण्यातून वर आलेले देऊळ समजतात. पुढे २००३ मध्ये 'कोई... मिल गया' मधील 'जादू' आला तोही याच कुळातला. इंद्रवदन पुरोहित या लहानखुऱ्या नटाने तो अवजड पोशाख अंगावर वागविला. उन्हावर जगणाऱ्या त्या प्राण्याला पाहून मुले घाबरली नाहीत, त्यांना तो घरी न्यावासा वाटला.

जमिनीखालचा आणि आकाशातला

मग आक्रमक कोठे आहे? माझे निरीक्षण असे, की आपल्या पडद्यावरील राक्षस आकाशातून येत नाही, तो जमिनीखालून वर येतो. रामसे बंधूंच्या पहिल्या गाजलेल्या भयपटाचे नावच 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) आहे. महाबळेश्वरच्या धुक्यात चित्रित झालेल्या त्या चित्रपटापासून 'पुराना मंदिर' (१९८४) पर्यंत त्यांचा राक्षस पुरलेला, कोंडलेला, शापाने बांधलेला असतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधील तात्या विंचू परग्रहाचा नाही, तो मेलेल्या गुन्हेगाराचा आत्मा आहे. रामदास पाध्ये यांच्या बाहुलीत तो शिरतो. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) मधील हस्तर हा पृथ्वीच्या गर्भातच राहतो. आपला भयपट नेहमी मागे पाहतो. भीती आपण केलेल्या पापाची असते, म्हणून ती वाड्याच्या तळघरात सापडते. याउलट परग्रहवासी निष्पाप प्रेक्षकावर कोसळतो, त्याच्याशी आपला कोणताही जुना हिशेब नसतो.

आकाशातून येणारे ते देव, गंधर्व वा अवतार, म्हणून तेथून आक्रमण संभवत नाही, असे उत्तर सहज सुचेल. ते अपुरे आहे. महाभारताच्या वनपर्वात शाल्व आपल्या सौभ नामक आकाशगामी नगरातून द्वारकेवर हल्ला करतो, आणि त्रिपुरासुराची तीन पुरे आकाशातच फिरत होती. सामग्रीची वाण नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' काढून बनावट नागाशी खेळणारा बालकृष्ण यशस्वीपणे दाखविला होता, म्हणजे कारागिरीचीही वाण नव्हती.

कमतरता होती ती दृष्टीची, आणि तिला मराठी विज्ञानसाहित्याची घडण काही अंशी जबाबदार आहे असे मला वाटते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली, आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. या परंपरेने मराठीला जे दिले त्याचे मोल मोठे आहे. परंतु तिचे प्रयोजन विज्ञानप्रसार हे होते, आणि प्रसारकाला राक्षस संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. 'अंतराळातील भस्मासूर', 'वामन परत न आला' या शीर्षकांत पुराणातील नावे येतात ती रूपक म्हणून. नारायण धारप यांच्यासारखा लेखक भय आणि विज्ञान या दोन्ही प्रांतांत वावरला, पण अभ्यासक्रमाने त्यांना दाराबाहेरच ठेवले. विज्ञानकथा पाठ्यपुस्तकात गेली आणि भयकथा फिरत्या वाचनालयात राहिली. स्वस्त विज्ञान-भयपटाला या दोहोंचे मीलन हवे असते. ते आपल्याकडे झाले नाही.

मुखवट्याची शिवण

तरीही हा चित्रप्रकार आपल्या प्रेक्षकाला अपरिचित राहिला नाही. परदेशी राक्षसपट हिंदी बोलू लागले, विशेषतः १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आल्यानंतर, आणि ते तंबूतही पोचले. महाराष्ट्रातील जत्रांमागून फिरणारे तंबूतील सिनेमे हे जगात दुर्मीळ झालेले प्रकरण. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने त्यांचे शेवटचे दिवस टिपले, आणि २०१६ मध्ये कान येथे त्याची विशेष दखल घेतली गेली. मालमोटारीत बसविलेले प्रक्षेपणयंत्र, बाहेर कर्ण्यावरची आरोळी, आत जमिनीवर बसलेली कुटुंबे आणि बाजूच्याच तंबूत तमाशाचा वग. अशा ठिकाणी रबरी राक्षस पडद्यावर आला तर प्रेक्षक त्याला कोणत्या नजरेने पाहील?

ज्या नजरेने तो सोंग पाहतो त्याच नजरेने, असे माझे उत्तर आहे. कोकणच्या दशावतारात काळ्या वेशातला संकासूर येतो. मुले भेदरतात आणि मोठी माणसे त्याच्या बोलण्यावर खदखदा हसतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात गावचीच माणसे देवदैत्यांचे मुखवटे चढवून नाचतात. मुखवट्याखाली कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही भीती आणि भक्ती दोन्ही खऱ्या असतात. येथे फसवणूक नाही, संमती आहे. 'रोबोट मॉन्स्टर'वर हसणारा अमेरिकन समीक्षक पोशाखाची शिवण दिसली म्हणून हसतो. आपल्या लोककलेत शिवण दिसणे हीच कराराची खूण आहे. तुला भीती वाटणार आहे आणि ती मी वाटवीत आहे, असे तेथे नट प्रेक्षकाला उघडपणे सांगत असतो.

हे सर्व केवळ सौंदर्यशास्त्राचे प्रश्न म्हणून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. २०२४ च्या जून-जुलै महिन्यांत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री आकाशात फिरणारे दिवे दिसू लागले. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर अशा तालुक्यांतून ड्रोनच्या बातम्या आल्या, मराठवाड्यातूनही आल्या, आणि विधिमंडळातही विषय निघाला. चोर टेहळणी करीत आहेत, अशी वदंता पसरली. पणदरे-माळेगावसारख्या ऊसपट्ट्यात, जेथे घरे वस्त्यांवर विखुरलेली आणि दोन वस्त्यांमध्ये पुरुषभर उंचीचा ऊस, तेथे आकाशातील अनोळखी दिव्याचा अर्थ शहरी वाचकाला पूर्णपणे कळणार नाही. गस्ती सुरू झाल्या. १९५० च्या दशकातील कोणत्याही आक्रमकपटाचे पहिले रीळ असेच असते : दूर शेतात दिवा, भुंकणारी कुत्री, विश्वास न ठेवणारे अधिकारी. १९३८ मध्ये ऑर्सन वेल्स यांच्या नभोनाट्याने अमेरिकेत हाहाकार उडाला असे सांगितले जाते. तो हाहाकार बऱ्याच अंशी वृत्तपत्रांनी फुगविला होता, हे आता अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे भीतीपेक्षा भीतीची बातमी अधिक वेगाने पसरते.

आणि कधी ती बातमी मारते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते आणि भिक्षेसाठी फिरत होते. वासुदेव, नंदीबैलवाले, बहुरूपी, डवरी हे सर्व आपल्या गावांचे ठरावीक काळाने येणारे परके होत. वेश हाच त्यांचा परवाना होता. बहुरूपी तर पोलीस होऊन दारात येई आणि घरधनी ते सोंग आहे हे जाणून त्याला धान्य घाली. परक्याला सोंगाच्या चौकटीत ओळखणारी ही नजर गावातून केव्हा गेली, याचा शोध समाजशास्त्रज्ञांनी घ्यावा. चित्रपटाचा अभ्यासक म्हणून मला एवढेच नोंदवावेसे वाटते, की राईनपाड्यात घडले ते 'बॉडी स्नॅचर्स'च्या जातीचे होते. समोर राक्षस नव्हता. माणसासारखी दिसणारी माणसे होती, आणि नेमके तेच जमावाला पुराव्यासारखे वाटले.

लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातून आलेला तो शब्द परग्रहवासी या आपल्या अवजड पारिभाषिक शब्दापेक्षा या विषयाला जवळचा आहे. दर वर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येतात, कोप्या बांधून राहतात आणि हंगाम संपला की जातात. ज्या वर्षी आकाशात दिवे दिसतात, त्या वर्षी संशयाची पहिली नजर आकाशाकडे राहत नाही. ती कोठे वळते, हे येथील प्राध्यापकवर्गास सांगावयास नको.

२०१७-१८ या काळात भारतभर फिरलेल्या मूल पळविण्याच्या चित्रफितींपैकी एकीचा उगम पुढे उघड झाला. मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसत होते. मूळ फीत कराचीतील होती, आणि ती मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी नटांकडून करवून घेतलेली होती. कमी खर्चात काढलेली, साध्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखी, मुद्दाम ओबडधोबड. तिच्या शेवटी तेच मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला खाली उतरवितात आणि संदेश लिहिलेला फलक उंचावून दाखवितात. शिवण तेथे होती. कोणीतरी ती शेवटची काही सेकंदे कापली आणि उरलेला भाग पुढे पाठविला.